जिथे रूळ संपतात : गॅल्व्हेस्टनचे रेल्वे संग्रहालय

टेक्सासमधील गॅल्व्हेस्टन हे बेटावर वसलेले शहर आहे आणि तिथे लोक जातात ते समुद्रस्नानासाठी, क्रूझच्या जहाजावर चढण्यासाठी किंवा ‘स्ट्रँड’ या जुन्या व्यापारी पेठेत हिंडण्यासाठी. या पेठेच्या पश्चिम टोकाला, पंचविसाव्या रस्त्यावर, रस्त्याने याच्या पलीकडे जाऊच नये म्हणून मुद्दाम आडवी उभी केल्यासारखी एक पांढरी इमारत आहे. मध्ये ११ मजली मनोरा आणि त्याच्या दोन्ही अंगांना त्याहून ठेंगण्या बाजू असे तिचे रूप आहे. एके काळी हे सांता फे रेल्वेचे स्थानक आणि कचेऱ्यांचे ठिकाण होते. आज तिच्या तळमजल्यावर आणि मागच्या यार्डात गॅल्व्हेस्टनचे रेल्वे संग्रहालय आहे. इंजिनांची आवड असलेल्या माणसाने तिथे जावे हे सांगायला परीक्षणाची गरज नाही. ज्याला इंजिनांत काडीचाही रस नाही, पण एखादे शहर आहे तसे का झाले हे जाणून घ्यायला आवडते, त्यानेही तीन तास हाताशी ठेवून तिथे जावे, असे माझे मत आहे, आणि ते का हे सांगण्यासाठी हा मजकूर आहे.

‘डेपो’ हा शब्द मराठी माणसाच्या कानावर पडला की डोळ्यांसमोर एसटीचा डेपो येतो : उभ्या गाड्या, डिझेलचा वास, पुकारणीचा घोगरा आवाज. अमेरिकेत मात्र रेल्वे स्थानकालाच डेपो म्हणण्याची जुनी रीत आहे, आणि ती काही अगदीच वावगी नाही. तिथल्या गावांत माणसे आणि माल, तार आणि टपाल, वर्तमानपत्रे आणि गिऱ्हाइके एकाच ठिकाणी उतरत असत. ते ठिकाण म्हणजे डेपो. बेटावरच्या बंदरात तर डेपोचे महत्त्व आणखी वाढते, कारण तिथे रूळ पुढे कुठेही जात नाहीत. पुढे असते ती फक्त गोदी.

संग्रहालयात जाण्याआधी आम्ही शहराची एक बससफर घेतली होती. सफर चालवणाऱ्यांचे नाव इथे देत नाही. दीड तासांच्या त्या फेरीत जुन्या श्रीमंतांच्या हवेल्यांना, त्यांतल्या भुतांच्या गोष्टींना आणि एका आइस्क्रीमच्या दुकानाला भरपूर वेळ मिळाला. या इमारतीच्या वाट्याला मात्र “हे जुने रेल्वे स्टेशन” एवढे चार शब्द आले आणि बस वळली. ज्या हवेल्यांपुढे आम्ही दहा-दहा मिनिटे थांबलो, त्यांतल्या कितीतरींचा पैसा कापसातून, गोदीतून आणि रेल्वेतून आला होता, हे सांगायला त्या निवेदकाला एकही वाक्य सुचले नाही. माझ्या सोबत काका होते. ते मध्य रेल्वेत भुसावळला गार्ड होते, आता निवृत्त आहेत आणि काही आठवड्यांसाठी ह्यूस्टनला आमच्याकडे आले होते. बसमधून उतरताना ते एवढेच म्हणाले, “अरे, स्टेशन सोडून गाव दाखवतात का कुणी?” दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही थेट संग्रहालय गाठले.

या संग्रहालयातील सर्वांत मोलाची गोष्ट इंजिन नव्हे, तर जुने प्रतीक्षालय होय. १९३०च्या दशकातील हे दालन त्या काळच्या थाटात राखलेले आहे आणि त्यात माणसाच्या पूर्ण उंचीचे, पांढऱ्याशुभ्र प्लास्टरचे प्रवासी बसलेले आहेत. कुणी बाकावर वर्तमानपत्र उघडून बसला आहे, कुणी सामानाजवळ उभा आहे, कुणी उगाच वेळ काढतो आहे. चेहऱ्यावर रंग नाही, कपड्यांना रंग नाही. नुसत्या बसण्याउठण्याच्या ढबीवरून माणूस ओळखायचा. आपल्याकडच्या मेणाच्या संग्रहालयांत पुतळा खऱ्यासारखा दिसावा म्हणून जी धडपड असते ती इथे पूर्णपणे टाळलेली आहे, आणि त्यामुळेच बहुधा तो परिणाम जास्त खोल होतो. पुतळ्यांच्या मधून चालताना आपण हळू बोलू लागतो. काका एका बाकावर, प्लास्टरच्या प्रवाशाशेजारी, बराच वेळ बसून होते. प्रतीक्षालयात बसलेल्या माणसाच्या अंगात एक विशिष्ट प्रकारचे रिकामपण येते, तो धड गावात नसतो आणि धड गाडीतही नसतो. ते रिकामपण ज्याने घडवले त्या कलाकाराने स्थानकांवर पुष्कळ वेळ घालवला असला पाहिजे.

हे दालन पाहताना एक गोष्ट मात्र पाहणाऱ्याने स्वतःच ध्यानात ठेवायला हवी. पांढऱ्या प्लास्टरमुळे सगळे प्रवासी एकाच रंगाचे होतात, पण त्या काळचे टेक्सास तसे नव्हते. गोऱ्या आणि कृष्णवर्णीय प्रवाशांसाठी वेगळे डबे ठेवण्याची सक्ती करणारा कायदा तिथे १८९१ साली झाला होता आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही विभागणी प्रवाशाच्या अंगवळणी पडलेली होती. ज्या शहरात १९ जून १८६५ रोजी टेक्सासमधील गुलामांच्या मुक्ततेचा हुकूम जाहीर झाला, त्याच शहराच्या स्थानकाविषयी आपण बोलत आहोत. गोदीत कापसाच्या गाठी जहाजात दाबून भरणाऱ्या कृष्णवर्णीय कामगारांना १८८३ साली संघटित करणारे नॉरिस राइट क्यूनी हेही याच शहरातले. बाकावरचे ते रंगहीन प्रवासी बघताना हे मनात असले, म्हणजे दालन अधिक खरे वाटते.

आता शहराकडे वळतो, कारण संग्रहालयाचा खरा विषय तोच आहे. मेक्सिकोच्या आखाताला लागून असलेले गॅल्व्हेस्टन हे लांबट, सपाट, वाळूचे बेट आहे, आणि त्याच्या आतल्या बाजूला नैसर्गिक बंदर आहे. बंदर होते म्हणून शहर झाले. पण बंदरात उतरलेला माल मुख्य भूमीवर न्यायचा तर मध्ये खाडी होती. १८६० साली गॅल्व्हेस्टन, ह्यूस्टन अँड हेंडरसन या कंपनीच्या गाड्या लाकडी खांबांच्या पुलावरून बेटावर येऊ लागल्या आणि ही अडचण सुटली. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या उत्तर आणि दक्षिण राज्यांत यादवी युद्ध सुरू झाले आणि टेक्सास दक्षिणेच्या बाजूला होते. १८६२च्या ऑक्टोबरात उत्तरेच्या आरमाराने बंदर घेतले, पण रेल्वेचा पूल तोडला नाही. त्या चुकीची किंमत त्यांना लगेच मोजावी लागली : १ जानेवारी १८६३च्या पहाटे दक्षिणेचे सेनापती मॅग्रूडर यांनी याच पुलावरून सैन्य आणि तोफा बेटावर आणल्या आणि शहर परत घेतले. ज्या पुलाने शहराला पोसायचे, तोच पूल चालून येणाऱ्या सैन्यालाही वाट देतो, हा धडा बेटाने पहिल्या तीन वर्षांतच घेतला.

मराठी वाचकाला या कथेत एक ओळखीचा धागा सापडेल. त्या युद्धात दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाल्यामुळे अमेरिकी कापूस इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि १८६१ ते १८६५ या काळात मुंबईच्या कापूसबाजाराला जी तेजी आली, तिचे एक कारण गॅल्व्हेस्टनसारख्या बंदरांत अडकून पडलेल्या गाठी हे होते. युद्ध संपले तशी मुंबईतली शेअरची तेजी कोसळली आणि इकडे गॅल्व्हेस्टनची गोदी पुन्हा गजबजली. एका बंदराचे दिवस पालटतात तेव्हा हजारो मैलांवरच्या दुसऱ्या बंदरालाही त्याची झळ पोचते, याचे इतके नेमके उदाहरण क्वचितच सापडते.

गॅल्व्हेस्टनची खरी स्पर्धा मात्र ह्यूस्टनशी होती. ह्यूस्टन मुख्य भूमीवर, सुमारे ५० मैल आत. बेटावरून निघालेली मालगाडीची प्रत्येक वाघीण ह्यूस्टनमधूनच पुढे जाई, म्हणजे बेटाच्या व्यापाराची नाडी शेजाऱ्याच्या हातात. त्यात पीतज्वराची भर पडली. १८६७च्या मोठ्या साथीनंतर ह्यूस्टन वेळोवेळी बेटाकडून येणारी वाहतूक विलग्नवासाच्या नावाखाली रोखत असे. त्यामागे रोगाची भीती होतीच, पण ती भीती ह्यूस्टनच्या व्यापाऱ्यांना सोयीची होती, असा बेटावरच्या लोकांचा पक्का समज होता आणि तो अगदीच निराधार म्हणता येत नाही. मग गॅल्व्हेस्टनच्या धनिकांनी जो निर्णय घेतला तो हट्टाचाही होता आणि धाडसाचाही : ह्यूस्टनला पूर्ण वळसा घालून जाणारी स्वतःची रेल्वे बांधायची. १८७३ साली ‘गल्फ, कोलोरॅडो अँड सांता फे’ या नावाने कंपनीची सनद घेण्यात आली. नावात गल्फ आहे, कोलोरॅडो आहे, सांता फे आहे. हाताशी मात्र सुरुवातीला बेट, खाडी आणि पलीकडचे माळरान एवढेच होते. त्या काळच्या रेल्वे कंपन्यांची नावे ही ठिकाणांची नव्हे, तर आकांक्षांची यादी असे.

बांधकाम १८७५ साली सुरू झाले, पैसा संपत राहिला, १८७९ साली कंपनी विकली गेली आणि जॉर्ज सीली यांच्या पुढाकाराने ती बेटावरच्याच भांडवलदारांच्या हाती राहिली. त्यानंतर मात्र रूळ झपाट्याने पुढे सरकले आणि १८८१च्या अखेरीस फोर्ट वर्थला पोचले. नकाशावर आज त्या मार्गाच्या कडेची गावे वाचत गेलात तर ती नावे म्हणजे कंपनीच्या कार्यालयातली हजेरीपटाची वहीच आहे : सीली हे जॉर्ज सीलींचे, रोझेनबर्ग हे अध्यक्ष हेन्री रोझेनबर्ग यांचे, सॉमरव्हिल हे पहिले अध्यक्ष अल्बर्ट सॉमरव्हिल यांचे आणि टेंपल हे मुख्य अभियंता बर्नार्ड टेंपल यांचे. बेटावरच्या एका पेठेत बसलेल्या माणसांनी आतल्या प्रदेशात गावे वसवली आणि त्यांना स्वतःची नावे दिली. नंतर ही कंपनी मोठ्या ‘ॲचिसन, टोपीका अँड सांता फे’ने ताब्यात घेतली आणि १८८७च्या एप्रिलमध्ये दोघांचे रूळ आजच्या ओक्लाहोमातील पर्सेल इथे जोडले गेले. बेटाला कॅन्सस आणि शिकागोपर्यंत थेट वाट मिळाली. त्याच काळात बेटाच्या स्वतःच्या रेल्वेचे निर्णय बेटाबाहेर होऊ लागले. संग्रहालयात सांता फेचे निळे क्रूसचिन्ह जिथे तिथे दिसते. ते पाहताना त्याआधीची ही हट्टी, कर्जबाजारी, स्थानिक कंपनी लक्षात ठेवावी. इमारतीचा पाया तिने घातलेल्या वाटेवर आहे.

८ सप्टेंबर १९००च्या चक्रीवादळाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. सुमारे ३८ हजार वस्तीच्या शहरात आणि बेटावर मिळून किमान ६ हजार, आणि सर्वसाधारण अंदाजानुसार ८ हजार माणसे गेली. बेटाला जोडणारे सगळे पूल त्या दिवशी वाहून गेले. रेल्वेच्या दृष्टीने त्या दिवसाची सर्वांत अस्वस्थ करणारी घटना खाडीपलीकडे बोलिव्हार द्वीपकल्पावर घडली. बोमाँटहून आलेली गाडी तिथे थांबली, कारण तिला बेटावर नेणारी फेरीबोट धक्क्याला लागू शकेना. गाडी मागे फिरली, पण पाणी रुळांवर चढले होते. जवळच दीपगृह होते आणि त्यात सुमारे २०० माणसे आधीच आसऱ्याला गेली होती. गाडीतले दहा प्रवासी उतरून पाण्यातून चालत दीपगृहात पोचले आणि वाचले. बाकीचे ८५ जण डब्यात बसून राहिले आणि त्यांतले कुणीही वाचले नाही. डबा सुरक्षित वाटतो, ही प्रवाशाची सवय असते. मी ही हकिकत काकांना प्रतीक्षालयातच सांगितली. ते काही बोलले नाहीत, मग थोड्या वेळाने त्यांनी विचारले, “गार्ड कुठे होता?” याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते.

वादळानंतर शहर पुन्हा उभे राहिले ते रेल्वेच्या जोरावर, हे विधान मी जपून करतो आहे, पण करतो आहे. सुमारे दोन आठवड्यांत एक रेल्वेपूल तात्पुरता उभा राहिला. पुढे १९०२ ते १९०४ या काळात समुद्राकडच्या बाजूला १७ फूट उंचीची, तीन मैलांहून लांब भिंत बांधली गेली. वाळूच्या बेटावर दगड नाही. तो सगळा आतल्या प्रदेशातून आला : फोडलेल्या ग्रॅनाइटच्या पाच हजारांहून अधिक वाघिणी, शिवाय सिमेंट, वाळू आणि जमिनीत ठोकायचे लाकडी खांब. ही भिंत पुरेशी नव्हती म्हणून मग शहरच वर उचलण्यात आले. घरे, चर्च आणि दुकाने जॅकवर उचलून त्यांच्याखाली समुद्रतळातून उपसलेली वाळू पाण्यासकट नळांनी सोडण्यात आली. दोन हजारांहून अधिक इमारती अशा उचलल्या गेल्या, आणि कित्येक वर्षे लोक फळ्यांच्या उंच पायवाटांवरून घरोघर जात असत. आज स्ट्रँडवरून समुद्राकडे चालत गेलात तर जमीन हळूहळू चढत जाते. तो चढ निसर्गाचा नाही. १९१२ साली लाकडी पुलांच्या जागी काँक्रीटच्या कमानींचा खाडीपूल आला. त्यावरून रेल्वे, मोटारी आणि ह्यूस्टनची विजेची गाडी अशी तिन्ही प्रकारची वाहतूक होत असे.

त्या विजेच्या गाडीविषयी दोन वाक्ये तरी लिहिलीच पाहिजेत. १९११च्या डिसेंबरात सुरू झालेली आणि १९३६ साली बंद पडलेली ही ह्यूस्टन-गॅल्व्हेस्टन सेवा १९२०च्या दशकात देशातल्या सर्वांत वेगवान आंतरनगरी विजेच्या गाड्यांत गणली जाई, आणि ह्यूस्टनचा कारकून शनिवारी दुपारी कचेरी सुटल्यावर समुद्रावर येऊन रात्री घरी परतू शके. समुद्राकाठचे गॅल्वेझ हॉटेल १९११चेच आहे. ज्या ह्यूस्टनला वळसा घालण्यासाठी बेटाने रेल्वे बांधली होती, त्याच ह्यूस्टनच्या सुट्टीवर आता बेटाचे पोट अवलंबून राहू लागले होते. १९१४ साली ह्यूस्टनचा खोल जहाजमार्ग सुरू झाला आणि मालवाहू जहाजे बेट ओलांडून थेट आत जाऊ लागली. १८८० साली जे टेक्सासमधील सर्वांत मोठे शहर होते, त्याची लोकसंख्या आज पन्नास हजारांच्या आसपास आहे. ह्यूस्टनची तेवीस लाख.

हे सगळे कळल्यावर इमारतीकडे पुन्हा पाहावे. मूळ स्थानक १८९७चे. १९१३च्या सुमारास ते वाढवण्यात आले. आणि ११ मजली मनोऱ्यासह आजचे आर्ट डेको रूप तिला मिळाले ते १९३२ साली. म्हणजे ह्यूस्टनचा जहाजमार्ग सुरू होऊन १८ वर्षे झाल्यावर, आर्थिक मंदी ऐन भरात असताना, विजेची गाडी शेवटच्या घटका मोजत असताना आणि मोटारीने प्रवासी पळवायला सुरुवात केली असताना या शहराने आपले सर्वांत उंच आणि सर्वांत रुबाबदार स्थानक बांधले. पुढे ३५ वर्षांतच, १९६७ साली, शेवटची नियमित प्रवासी गाडी इथून सुटली. मला ही इमारत आवडते ती तिच्या या चुकलेल्या वेळेमुळे. मूडी फाउंडेशन या इथल्या धर्मादाय संस्थेने ती वाचवली आणि १९८३ साली तिथे संग्रहालय सुरू झाले, हे शहराचे भाग्य. अमेरिकेत अशा कित्येक स्थानकांच्या जागी आज वाहनतळ आहेत.

या स्थानकातून माणसे किती गेली याचा विचार करताना १९०७ ते १९१४ या काळातील एका उपक्रमाची आठवण ठेवावी. रशियातील छळातून सुटू पाहणाऱ्या ज्यूंनी सगळ्यांनी न्यूयॉर्कमध्ये दाटी करण्याऐवजी अमेरिकेच्या अंतर्भागात वसावे, या हेतूने न्यूयॉर्कचे बँकर जेकब शिफ यांनी पैसा दिला आणि गॅल्व्हेस्टनचे रब्बाय (ज्यू धर्मगुरू) हेन्री कोहेन यांनी बंदरावर या लोकांचे स्वागत केले. सुमारे दहा हजार स्थलांतरित या बंदरात उतरले. गॅल्व्हेस्टनची निवड ज्या कारणांनी झाली त्यांतले एक मला फार बोलके वाटते : हे शहर लहान होते, इथे राहून जावे असा मोह फारसा कुणाला होणार नव्हता, आणि आत जाणाऱ्या गाड्या मात्र इथून सुटत होत्या. उतरलेल्या माणसाला जेवण, अंघोळ, तिकीट आणि पत्ता मिळे आणि तो कॅन्सस किंवा आयोवाकडे रवाना होई. प्रतीक्षालयातल्या त्या प्लास्टरच्या माणसांकडे पाहताना मला सतत हेच जाणवत होते, की या शहराने शंभर वर्षे स्वतःला दार म्हणून घडवले, आणि दारात फार वेळ कुणी थांबत नाही.

आतल्या इतर दालनांविषयी थोडक्यात लिहितो. रेल्वेच्या भोजनगाड्यांतील चिनी मातीची भांडी आणि चांदीची उपकरणे यांचा संग्रह पाहण्याजोगा आहे. सांता फेच्या मार्गावर फ्रेड हार्वी यांच्या कंपनीने चालवलेली भोजनगृहे आणि त्यांत काम करणाऱ्या, पांढऱ्या एप्रनमधल्या ‘हार्वी गर्ल्स’ हा अमेरिकी रेल्वेच्या इतिहासातला एक स्वतंत्र आणि रंजक अध्याय आहे. गाडी थांबलेल्या अर्ध्या तासात शेकडो माणसांना व्यवस्थित ताटावर जेवण घालायचे, हे गणित किती कठीण आहे, ते ज्याने आपल्याकडे स्थानकावर गाडी हलत असताना हातात वड्याचे पुडके घेऊन धाव घेतली आहे त्यालाच नीट कळेल. लहान मुलांना छोट्या रुळांवर धावणाऱ्या गाड्यांचा देखावा आवडतो. मोठ्यांनी तिथे पाच मिनिटे दिली तरी पुरे.

यार्ड हा संग्रहालयाचा दुसरा अर्धा भाग आहे. इथे वाफेचे इंजिन आहे, सांता फेच्या प्रसिद्ध लाल-रुपेरी ‘वॉरबॉनेट’ रंगातली डिझेल इंजिने आहेत, १९२९चा ‘ॲनाकापा’ नावाचा खाजगी डबा आहे आणि मालगाडीच्या शेवटी लागणारी कबूस आहे. सप्टेंबर २००८मध्ये आलेल्या आइक चक्रीवादळात हे सगळे आवार खाऱ्या पाण्याखाली गेले होते. लोखंडाला आणि विजेच्या यंत्रसामग्रीला खारे पाणी काय करते ते रेल्वेच्या माणसाला सांगावे लागत नाही. त्यानंतर बराच काळ संग्रहालय बंद होते आणि आज जे दिसते त्यात दुरुस्तीचा आणि नव्याने जमवाजमवीचा वाटा मोठा आहे. समुद्राकाठच्या रेल्वे संग्रहालयाने गंजाशी केलेली ही झुंज एखाद्या चकचकीत इंजिनापेक्षा मला अधिक कौतुकाची वाटते.

काकांचा सर्वांत जास्त वेळ कबूसपाशी गेला. “हा तर आपला ब्रेकव्हॅन,” असे म्हणत ते वर चढले आणि आतली शेगडी, बाक आणि छतावरची उंच खिडक्यांची मेडी त्यांनी बारकाईने पाहिली. आपल्याकडच्या ब्रेकव्हॅनला उघडा व्हरांडा असतो, त्यात भुसावळच्या उन्हाळ्यात आणि कसाऱ्याच्या पावसात गार्ड एकटा उभा असतो. इथल्या गार्डाला मात्र झोपायला जागा, चहाला शेगडी आणि गाडीवर नजर ठेवायला वरची खिडकी! “असे असते तर आणखी दहा वर्षे नोकरी केली असती,” ते म्हणाले. (भारतीय रेल्वेत गार्डाला २०२२पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात. काकांसमोर हा शब्द उच्चारू नये.)

जाणाऱ्यांसाठी काही व्यावहारिक सूचना द्यायला हव्यात. यार्ड उघड्यावर आहे आणि टेक्सासच्या किनाऱ्यावरची उन्हाळ्यातली दमट हवा कोकणातल्या मे महिन्याची आठवण करून देते, म्हणून सकाळी आधी यार्ड आणि मग आतली दालने असा क्रम ठेवावा. आम्ही उलट केले आणि पस्तावलो. डब्यांच्या पायऱ्या जुन्या पद्धतीच्या, उंच आहेत. गुडघेदुखी असलेल्यांनी एखाद-दुसराच डबा निवडावा. ठरावीक शनिवारी यार्डाच्या रुळांवर छोटी फेरी असते, तेव्हा वार पाहून जाणे चांगले. क्रूझचे धक्के इथून जवळच आहेत, त्यामुळे जहाज सुटायच्या दिवशी या भागात गर्दी असते. आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, म्हणजे विरस होणार नाही : या स्थानकावर रेल्वेने येता येत नाही. ह्यूस्टनहून महामार्गानेच यावे लागते. ज्या शहराने रेल्वेसाठी कर्ज काढले, खाडी ओलांडली आणि शेजाऱ्याशी वैर धरले, त्या शहरात आज मोटारीशिवाय पोचण्याचा जवळजवळ दुसरा मार्ग नाही.

ज्यांना फक्त यंत्रे पाहायची आहेत त्यांना यापेक्षा मोठी संग्रहालये अमेरिकेत मिळतील, आणि त्यांच्यापुढे इथला संग्रह मध्यम आकाराचाच म्हणावा लागेल. मात्र जिथे गाडी खरोखर येत होती, त्याच फलाटावर उभे राहून, समोर पेठ आणि मागे गोदी अशी दोन्ही टोके एका नजरेत घेता येणे, हे मोठ्या संग्रहालयांतही सहसा मिळत नाही. तिथून बाहेर पडल्यावर स्ट्रँडवरून पूर्वेकडे चालत जावे. एकोणिसाव्या शतकातल्या बिडाच्या खांबांच्या आणि उंच खिडक्यांच्या इमारती तिथे ओळीने उभ्या आहेत. त्या टिकल्या याचे एक कारण फारसे अभिमानाचे नाही : व्यापार ह्यूस्टनला गेला आणि त्या पाडून नव्या बांधण्याइतका पैसा या पेठेत उरला नाही. आज त्याच जुनेपणावर पर्यटन चालते.

परतताना संध्याकाळ झाली होती. महामार्गाच्या पुलावरून शेजारीच १९१२चा रेल्वेपूल दिसतो. त्याचा जहाजांसाठीचा मधला भाग २०१२ साली बदलून उचलता येणारा नवा गाळा बसवला आहे, पण कमानी जुन्याच आहेत आणि मालगाड्या अजूनही त्यावरूनच बेटावर जातात. आमच्या नशिबाने त्या वेळी एक मालगाडी बेटाकडे निघाली होती. काकांनी मला गाडी हळू चालवायला सांगितली आणि वाघिणी मोजायला सुरुवात केली. साठाच्या पुढे कुठेतरी आकडा चुकला, पण त्यांची नजर शेवटावर होती, कारण शेवटच्या डब्याची पाटी पाहिल्याशिवाय गाडी पूर्ण गेली असे गार्ड मानत नाही. शेवटची वाघीण आली. तिच्यामागे कबूस नव्हती, पाटी नव्हती, माणूस नव्हता. जोडणीवर अडकवलेली एक लहानशी पेटी होती आणि तिच्यावर लाल दिवा लुकलुकत होता. “एवढेच?” काकांनी विचारले, आणि तो दिवा कमानींच्या मागे दिसेनासा होईपर्यंत मान वळवून ते बघत राहिले.